सरांच्या न तुटणाऱ्या ओळी

अशी कल्पना करा, की तुम्ही मोठ्यानं काहीतरी वाचताय आणि त्या पानावरच्या सगळ्या ओळींचे शेवट कुणीतरी गुपचूप काढून नेलेत. पूर्णविराम नाही, कवितेच्या कडेची मोकळी जागा नाही, परिच्छेद नाही. नुसती अक्षरं, एकामागून एक, खांद्याला खांदा लावून. आता श्वास कुठे घ्याल? अर्धं पान होईपर्यंत कान लाल होतील, मग ठसका लागेल, आणि समोर बसलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागतील.

केली कल्पना? मग आता माझ्याबरोबर एका चार मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर चला. लिफ्टनं चला. लिफ्ट चालू आहे. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यावरून बराच गोंधळ होणार आहे.

चौथ्या मजल्यावर टायपिंगचे सर राहतात. त्यांनी आयुष्यभर टायपिंग शिकवलं, म्हणून त्यांना सगळे नुसतं 'सर'च म्हणतात. बायकोसुद्धा फार रागावली तर. जुन्या टायपिंगच्या यंत्रावर ओळ संपत आली की एक बारीक घंटी वाजायची. घंटी वाजली की डाव्या हातानं खटका ओढायचा, की रूळ फिरून कागद वर सरकायचा आणि पुढची ओळ सुरू. सर वर्गात फेऱ्या मारत सांगायचे, "ओळ संपवणं ही माणसाची जबाबदारी आहे. यंत्र घंटी वाजवेल, खटका तुम्ही ओढायचा." पुढे ती यंत्रं भंगारात गेली, कॉम्प्युटर आले. त्यांच्यावर खटक्याच्या जागी एंटर नावाचं बटण होतं. सरांनी एंटरला खटक्याचा नातू मानलं आणि त्याच्यावर आजोबांइतकाच विश्वास टाकला. एंटर दाबलं की ओळ तुटते. सूर्य उगवतो, पाणी उताराकडे जातं, एंटर दाबलं की ओळ तुटते.

निवृत्तीनंतर सरांनी इमारतीचं वेबपान तयार करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण जिन्याखालच्या सूचनाफलकाच्या काचेला कुलूप होतं, किल्ली हरवली होती, आणि आत कुठल्या तरी जुन्या उन्हाळ्यातली सूचना अजून सभासदांना पाणी जपून वापरायला सांगत होती. भर पावसात ती वाचून नवीन भाडेकरू बादल्या भरून ठेवायचे. हे सरांना बघवेना.

सरांचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं फोनवरून, जेवता जेवता, सरांना एक छोटी स्क्रिप्ट लिहायला शिकवली. स्क्रिप्ट म्हणजे घरातल्या हरकाम्या माणसासारखी असते. सरांची ही स्क्रिप्ट एक फाइल उघडायची, तिच्यातला मजकूर ओळीओळीनं उचलायची, त्याचं एक पान बांधायची आणि ते पान बघणाऱ्याच्या फोनकडे पाठवायची. फोनमध्ये ब्राउझर नावाचे दुसरे गृहस्थ बसलेले असतात. पान आलं की ते वाचून पडद्यावर मांडायचं, हे त्यांचं काम. म्हणजे पाठवणारा एक आणि मांडणारा दुसरा. सरांना वाटत होतं की या दोघांचं आपापसांत चांगलं जमतं.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरं तर तिचीच आहे. भिंगरी ही सरांची नात. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. गेल्या वर्षी इमारतीच्या संमेलनात ती कविता म्हणायला उभी राहिली आणि कुठेही न थांबता म्हणतच सुटली. श्वास घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मधेच उचकी लागली, लोक हसले, आणि भिंगरी मंचावरून जी पळाली ती थेट लिफ्टमध्ये जाऊन बसली. तेव्हापासून चार लोकांपुढे तिचं तोंड उघडत नव्हतं. वर्गात वाचायची पाळी आली की तिचा घसा दुखायचा. सरांना हा घसा फार सलत होता. टायपिंगच्या वर्गात त्यांनी थरथरणारी शेकडो बोटं स्थिर केली होती, आणि घरातल्या घरात ही एक पोर गप्प होती.

यंदा मात्र तिनं स्वतःच एक कविता केली. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिली आणि आजोबांना दाखवली.

लिफ्ट बंद आहे
एक मजला
दार चप्पल कुंडी
दोन मजले
दार सायकल झोपलेला कुत्रा
तीन मजले
दार
आतून कुणीतरी हसतंय
चार मजले
माझं दार
आता मीच हसते

"वा!" सर म्हणाले. "पण आपली लिफ्ट तर चालू आहे."

"कवितेत बंद आहे," भिंगरी म्हणाली. "आणि ओळ संपली की मजला येतो. तिथे मी श्वास घेणार. जिना चढताना घेतो तसा."

"मग संमेलनात वाचशील?"

तिनं पायानं फरशीवर एक रेघ ओढली. मग म्हणाली, "कागद हातात धरला की थरथरतो आणि अक्षरं पळतात. पाठ केलं तर तिथे गेल्यावर विसरायला होतं. पण त्या दिवशी तुमचं वेबपान भिंतीवर मोठं करून दाखवणार आहेत ना? त्यावर माझी कविता लावा. माझ्या ओळींसकट. ओळी दिसल्या तर वाचीन. नाही दिसल्या तर आजोबा, परत उचकी लागेल."

"लावतो," सर म्हणाले. "त्यात काय आहे? एंटर दाबायचं."

स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "यांनी 'त्यात काय आहे' म्हटलं की मला धडकीच भरते बाई."

सरांनी त्याच दुपारी कविता फाइलीत टाइप केली. प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबलं, तेही जरा ठासून, जुन्या सवयीनं. मग पान उघडलं. पानावर होतं:

लिफ्ट बंद आहे एक मजला दार चप्पल कुंडी दोन मजले दार सायकल झोपलेला कुत्रा तीन मजले दार आतून कुणीतरी हसतंय चार मजले माझं दार आता मीच हसते

सरांनी चष्मा पुसला. पान पुन्हा उघडलं. मग फाइल उघडून पाहिली. फाइलीत ओळी शहाण्या मुलांसारख्या एकीखाली एक उभ्या होत्या. पानावर त्यांची आगगाडी झाली होती.

"आजोबा, माझ्या ओळी कुठे गेल्या?" भिंगरी खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"येतील," सर म्हणाले. "इंटरनेट हळू आहे."

इंटरनेट हळू नव्हतं. उलट त्या दिवशी ते फारच तत्पर होतं, आणि सर दुरुस्तीच्या विचारात असताना पान सगळ्या इमारतीनं वाचलं. आता तुम्हीच सांगा, इमारतीच्या सूचनांच्या पानावर 'लिफ्ट बंद आहे' असं सुरू होणारा सलग मजकूर दिसला, तर त्याला कविता कोण म्हणेल? संध्याकाळी कामावरून आलेले लोक लिफ्टसमोर क्षणभर थांबले, सुस्कारा सोडून जिना चढू लागले. लिफ्ट बिचारी तळमजल्यावर दिवा लावून, दार उघडं ठेवून उभी होती. तिच्यात कुणी जाईना. दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याच्या मालकीणबाई वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सर, तक्रार करायची तर तोंडावर करा. आमचा कुत्रा झोपतो, हा काही गुन्हा नाही. चावला तर बोला."

"अहो, ती कविता आहे."

"कविता? मग यमक कुठाय?"

त्याच मजल्यावरच्या एकानं सायकल आपली नसल्याचा खुलासा केला. पहिल्या मजल्यावरून कुंडी गुपचूप आत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोंनी तर त्या दिवसापासून घरात हसणंच बंद केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टचा मेकॅनिक अवजारांची पेटी घेऊन जिन्यानं धापा टाकत वर आला.

"कुणी बोलावलं तुला?" सरांनी विचारलं.

"सेक्रेटरींनी. लिफ्ट बंद आहे ना?"

"चालू आहे."

"मग मी जिन्यानं का आलो?" मेकॅनिकनं विचारलं.

आता इमारतीत अशी काही अडचण आली की ती सोडवायला आधी इंजिनियरसाहेब येतात. त्यांनी हयातभर पूल बांधले, आणि निवृत्त झाल्यापासून ते सल्ले बांधतात. त्यांनी सरांच्या खुर्चीवर बसून पानाची पाहणी केली आणि म्हणाले, "भार जास्त झालाय. अक्षरं मोठी करा, मजकूर आपोआप खाली वाकेल." अक्षरं मोठी केली. मजकूर खाली वाकला खरा, पण 'झोपलेला' एका ओळीत आणि 'कुत्रा' दुसरीत, असा जमेल तिथे वाकला. फोन आडवा धरला की आणखी तिसरीकडेच.

"ही काही माझी ओळ नाही," भिंगरी म्हणाली. "ही फोनची ओळ आहे. फोनची जागा संपली म्हणून तुटली."

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. कडेला जागा उरली नाही म्हणून खाली उतरणं वेगळं आणि म्हणणं संपलं म्हणून थांबणं वेगळं. इंजिनियरसाहेब म्हणाले, "बारीकसारीक गोष्टी आहेत," आणि चहा घेऊन गेले.

सरांनी भाच्याला फोन लावला. भाचा गाडी चालवत होता.

"मामा, स्क्रिप्ट ओळ उचलताना तिचं शेपूट कापत असणार. प्रत्येक ओळीनंतर तिरकी रेघ आणि एन छापायला सांगा तिला. उलटी तिरकी. म्हणजे नवी ओळ. ठेवतो, सिग्नल सुटला."

सरांनी स्क्रिप्टमध्ये उलटी तिरकी रेघ आणि एन लिहिलं, एकेरी अवतरणचिन्हांत. पान उघडलं. ओळी तुटल्या नव्हत्याच, उलट आता दर दोन-तीन शब्दांनंतर एकेक तिरकी रेघ आणि एकेक इंग्रजी एन मुंग्यांसारखे पसरले होते. इंजिनियरसाहेबांनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "सर, नकाशात एन म्हणजे उत्तर दिशा! कुंडीच्या उत्तरेला काय आहे?"

पुन्हा फोन. या वेळी भाचा जेवत होता.

"एकेरी अवतरण कशाला लावलंत मामा? एकेरीत घातलेलं ती जसंच्या तसं छापते. दुहेरी लावा, म्हणजे तिला त्या खुणेचा अर्थ कळेल."

"एकेरीत कळत नाही आणि दुहेरीत कळतं? शब्द तेच असताना?"

"हो."

"माझ्या वर्गात असला विद्यार्थी असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवला असता," सर म्हणाले. पण त्यांनी दुहेरी चिन्हं लावली. सगळे एन नाहीसे झाले. ओळही पुन्हा पहिल्यासारखी एकच झाली. दोन दिवसांच्या मेहनतीनंतर सर जिथून निघाले होते तिथे व्यवस्थित परत पोचले.

"आता बरोबर आहे," फोनवरून भाचा म्हणाला.

"अरे बरोबर काय? एकच ओळ आहे!"

"पानाचा मूळ मजकूर उघडून बघा. 'सोर्स' दाखवायची सोय असते ब्राउझरमध्ये. भाजी संपलीय, मी वाढून घेतो."

सरांनी तो मूळ मजकूर उघडला आणि चकित झाले. भिंगरीही चकित झाली. तिथे अकराच्या अकरा ओळी एकीखाली एक, नीट, आपापल्या जागी उभ्या होत्या. स्क्रिप्टनं काही चुकवलं नव्हतं. खटका ओढला गेला होता, रूळ फिरला होता. शेवटच्या गृहस्थांनी, म्हणजे ब्राउझरनं, ते सगळं वाचलं होतं आणि ओळींकडे साफ दुर्लक्ष केलं होतं.

"म्हणजे ओळी आहेत," भिंगरी हळूच म्हणाली. "पण त्याला दिसत नाहीत."

"दिसतात बहुतेक," सर म्हणाले. "पण त्याला वाटतं, लिहिणाऱ्यानं आपल्या सोयीसाठी कुठेतरी खाली उडी मारली असेल, त्यात माझा काय संबंध? म्हणून तो तिथे नुसती दोन शब्दांमधली मोकळी जागा ठेवतो."

"आणि दोन वेळा एंटर दाबलं तर?"

खरं तर हा प्रश्न सरांना सुचायला हवा होता. त्यांनी दोनदा दाबून पाहिलं. तीच एक मोकळी जागा. भिंगरीनं मग पुढे होऊन एंटरवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. फाइल पार तळाला गेली. पानावर तेवढीच एक जागा. तिनं शब्दांमधे मोकळ्या जागाच जागा घातल्या. पानावर पुन्हा एकच. तिला हसू आवरेना. "आजोबा, याला कितीही वाढा, एकच घास खातो!"

सरांना मात्र हसू आलं नाही. आयुष्यभर ज्या खटक्याची शपथ घेतली, त्याला हा ब्राउझर एका टिचकीची किंमत देत होता. त्यांनी चहाही घेतला नाही. आजी म्हणाली, "कुणी मेलंय का?"

"खटका," सर म्हणाले.

शेवटी उपाय सापडला तो लहानसाच. ब्राउझरला ओळ तोडायला लावायची तर त्याच्याच भाषेत तसा हुकूम द्यावा लागतो: टोकदार कंसात इंग्रजी बी आणि आर. हा हुकूम पानावर दिसत नाही, पण ब्राउझर तो वाचतो आणि मुकाट्यानं खाली उतरतो. सरांनी फाइलीत कवितेच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी हातानं हा बीआर लावला. पान उघडलं. भिंगरीनं श्वास रोखला. ओळी तुटल्या होत्या. लिफ्ट बंद आहे. एक मजला. दार चप्पल कुंडी. भिंगरीनं पडद्याकडे बघून कविता वाचली, प्रत्येक मजल्यावर थांबून, एकदाही न अडखळता. आजी पोळपाट तसाच ठेवून दारात आली होती. गोष्ट इथे संपली असती.

पण सर पडले शिस्तीचे. हातानं इतके बीआर लावणं त्यांना रानटी वाटलं. त्यांनी शोधलं, तर स्क्रिप्टमध्ये एक तयार सोय निघाली. ती प्रत्येक एंटरच्या जागी आपणहून बीआर घालते. सरांनी ती सगळ्या पानाला लावून टाकली आणि समाधानानं झोपले.

सकाळी कवितेत प्रत्येक ओळीनंतर एक आख्खी रिकामी ओळ होती. एक बीआर हाताचा, एक सोयीचा. "प्रत्येक मजल्यावर दोनदा श्वास घ्यायचा?" भिंगरीनं विचारलं. हे एक वेळ चाललं असतं. पण पानावर सेक्रेटरींची टाकीची सूचनाही होती. सेक्रेटरी तरुणपणी सरांचेच विद्यार्थी, आणि टायपिंगच्या परीक्षेत अगदी काठावर पास झालेले. घंटी वाजायच्या आधीच खटका ओढायची खोड त्यांना तेव्हापासून होती, आणि कॉम्प्युटरवर तर घंटीच नाही. त्यामुळे ते दर दोन-तीन शब्दांनंतर धसक्यानं एंटर दाबत. इतके दिवस ब्राउझर त्यांचे सगळे एंटर गिळत होता, म्हणून हे कुणाला कळलं नव्हतं. त्या सकाळी कळलं.

सर्व सभासदांना
कळविण्यात येते
की टाकी धुण्याचे
काम सुरू
असल्याने पाणी
येणार
नाही

लोक मन लावून वाचू लागले. इंजिनियरसाहेबांनी सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं. "तुमच्यात हे अंग आहे हे माहीत नव्हतं! 'येणार', आणि मग खाली एकटाच 'नाही'. काय तो विराम! हलवून गेलात." मालकीणबाई म्हणाल्या, "नातीच्या कवितेपेक्षा ही सरस आहे. हिच्यात निदान दुःख आहे." पाणी भरून मात्र कुणीच ठेवलं नाही. कविता वाचून बादल्या कोण भरतो?

सेक्रेटरी संतापले. सरांनी ती सोय तत्काळ काढून टाकली. कवितेचे हातानं लावलेले बीआर उरले, सूचना पुन्हा सरळ झाली, सगळं पूर्ववत झालं. पण सेक्रेटरींचा अपमान काही पूर्ववत होईना. त्यांनी फर्मान काढलं, "यापुढे पानावरचा सगळा मजकूर समिती मंजूर करील. मूळ मजकूर छापून आणा. आणि पासवर्ड समितीकडे द्या."

समिती म्हणजे सेक्रेटरी, इंजिनियरसाहेब आणि खजिनदारबाई. सरांनी मूळ मजकूर छापून नेला. त्यात अर्थातच बीआर दिसत होते. खजिनदारबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे बीआर कोण?"

"कुणी नाही. तो हुकूम आहे."

"प्रत्येक मजल्यावर यांचं नाव आहे. आपल्या सभासदांत तर असं कुणी नाही."

"बाई, ती ओळ तोडायची खूण आहे. पानावर दिसत नाही."

"कागदावर दिसते ना?" सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही कागद मंजूर करतो, सर. पान नाही."

सरांनी यांत्रिक खटक्यापासून सुरुवात करून अर्धा तास समजावलं. थरथरणारी पोर, श्वास, मजले, सगळं सांगितलं. इंजिनियरसाहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "पुलालाही सांधे लागतातच. पण पाहुण्यांना सांधे दाखवायचे नसतात." सेक्रेटरी म्हणाले, "बघतो सर. किरकोळ शुद्धीकरण करून मंजूर करू." 'मंजूर' हा शब्द कानावर पडल्यावर सर घरी आले. त्याच्या मागचे शब्द त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. माणूस दमला की असं होतं.

संमेलनाच्या संध्याकाळी तळमजल्याचा हॉल भरला. भिंतीवर प्रकाशाचा मोठा चौकोन पडला. खुर्च्या सरकल्या, कुणाचं तरी बाळ रडून थांबलं. भिंगरीचं नाव पुकारलं गेलं आणि ती मंचाच्या पायऱ्या चढून भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. चौकोनात पान उघडलं.

लिफ्ट बंद आहे एक मजला दार चप्पल कुंडी दोन मजले दार सायकल झोपलेला कुत्रा तीन मजले...

एकही बीआर शिल्लक नव्हता. समितीनं मजकूर शुद्ध केला होता. मागून कुणीतरी कुजबुजलं, "परत बंद पडली का लिफ्ट?" आणि हसण्याची एक लहर गेली.

सर अर्धे उठले.  आजीनं त्यांची बाही धरली आणि म्हणाली, "बसा. तुमच्याकडे बघून घाबरेल ती." सेक्रेटरी खुर्चीत ताठ बसले होते, त्यांच्या दृष्टीनं पान इतकं स्वच्छ कधीच दिसलं नव्हतं. भिंगरीनं भिंतीकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. मग दाराकडे. दारापलीकडे लिफ्ट होती, आणि ती चालू होती. 

ती पुन्हा भिंतीकडे वळली. अक्षरं तिच्या हातावर, गालावर पडली होती. तिनं तळहात उचलला आणि 'आहे' या शब्दाच्या पुढे, भिंतीवर, चपकन ठेवला.

"लिफ्ट बंद आहे. इथे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "इथे माझी ओळ संपते. भिंतीवर दिसत नाहीये, पण संपते. मी हात वर केला की थांबायचं आणि श्वास घ्यायचा. सगळ्यांनी."

लोक हसले. ती थांबली.

"घ्या ना," ती म्हणाली.

हॉलमध्ये, जरा लाजत, जरा एकमेकांकडे बघत, लोकांनी श्वास घेतला. मेकॅनिकनं सगळ्यात मोठा घेतला. भिंगरीनंही घेतला. मग तिनं हात खाली आणून वाचलं, "एक मजला," आणि हात वर गेला. "दार चप्पल कुंडी." हात वर. दुसऱ्या मजल्यापर्यंत हसणं थांबलं होतं. झोपलेल्या कुत्र्यापाशी मालकीणबाईंनी आपणहून श्वास घेतला. तिसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "दार," आणि हात इतका वेळ वर ठेवला, की सगळा हॉल त्या दारापुढे उभा राहिला. "आतून कुणीतरी हसतंय." तिसऱ्या मजल्यावरची बायको खरोखरच हसली, बऱ्याच दिवसांनी. "चार मजले." श्वास. "माझं दार." श्वास. "आता मीच हसते."

हात वर गेला. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत, कारण तो खाली यायची सगळे वाट बघत होते. तो खाली आला आणि मग वाजल्या. सर टाळ्या वाजवायचं विसरून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, टायपिंगला बसतात तसे, बोटं जरा वाकवून.

त्यानंतर सेक्रेटरी माईकपाशी आले. त्यांनी वार्षिक अहवाल उघडला आणि वाचायला सुरुवात केली. टाकी, गच्ची, पंप, पाइप, गळती, पुन्हा टाकी, असे ते कुठेही न थांबता, एका विषयाच्या शेपटाला दुसऱ्याचं तोंड जोडत निघाले. भिंगरी अजून मंचावरच होती. तिनं थोडा वेळ ऐकलं. मग तिनं हात वर केला.

सेक्रेटरी थांबले. सगळ्या हॉलनं श्वास घेतला. त्यांनीही घेतला, आणि पुढचा शब्द उच्चारायला तिच्या हाताकडे पाहू लागले.

भिंगरीनं हात खाली आणला नाही. तो तसाच वर धरून ती मंचाच्या पायऱ्या एकेक करत शांतपणे उतरली, खुर्च्यांच्या रांगेतून आजोबांपाशी आली, आणि हात वरच ठेवून त्यांच्या शेजारी बसली.